गोदाकाठचा महाकाय 'बारापासॉरस'

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव, पुणतांब्याहून वाहत जाणारी गोदावरी मराठवाडा व तेलंगण ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ प्राणहितेला भेटते. याच सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ ज्युरासिक काळातील एका महाकाय, लांब मानेच्या शाकाहारी डायनोसोरचे अवशेष सापडले. 'बारापासॉरस टागोराय' हे त्याचे शास्त्रीय नाव.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील भूवैज्ञानिकांना १९५८ मध्ये येथे पहिली हाडे आढळली. त्यानंतर १९६०-६१ मध्ये मोठे उत्खनन झाले. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडे हाती आली. मांडीचे एक हाड तर माणसाच्या उंचीएवढे, सुमारे १.७ मीटर लांबीचे होते. बंगालीत मोठ्या पायाला 'बडो पा' म्हणतात, त्यावरून 'बारापासॉरस' हे नाव पडले. मराठीतील 'बारा' या संख्येशी त्याचा काही संबंध नाही. १९६१ हे रवींद्रनाथ टागोर यांचे जन्मशताब्दी वर्ष असल्याने नावात त्यांचेही स्मरण ठेवण्यात आले. जैन, कुट्टी, रॉयचौधरी आणि चटर्जी या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हा प्राणी सुमारे १४ मीटर लांब होता. खांबासारखे चार पाय, लांब मान आणि पाने ओरबाडण्यास योग्य असे चमच्याच्या आकाराचे दात ही त्याची वैशिष्ट्ये. काही दात मिळाले असले तरी कवटी मात्र सापडली नाही. सॉरोपॉड कुळातील आरंभीच्या प्राण्यांपैकी इतके अवशेष मिळालेले प्राणी जगात मोजकेच असल्याने या शोधाला विशेष महत्त्व आहे.

मग असे अवशेष अहिल्यानगर जिल्ह्यात सापडतील काय? तशी शक्यता जवळजवळ नाही. येथील काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला, तर बारापासॉरसचा काळ त्याहून दहा कोटींहून अधिक वर्षे मागे जातो. त्या काळातील थर येथे असलेच, तर ते या कातळाखाली खोल गाडले गेले आहेत. सिरोंचा भागात मात्र नद्यांनी साठवलेल्या गाळाचे जुने खडक उघडे पडलेले आहेत.

बारापासॉरसचा जोडलेला सांगाडा आज कोलकात्यात, सांख्यिकी संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात उभा आहे. सिरोंचा तालुक्यातच वडधम येथे वन विभागाचे जीवाश्म उद्यान आहे. तेथे जाणाऱ्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे. 'आठवण' म्हणून दगड उचलू नये. जीवाश्म कोणत्या थरात, कोणत्या जागी होता, ही माहिती त्या दगडाइतकीच मोलाची असते. जागेवरून हललेले हाड आपली अर्धी कहाणी गमावून बसते.