आज्ञावलीची पुष्पिका

महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतके मठांत सुरक्षित होत्या. तरीही पंथाबाहेरच्या वाचकाच्या दृष्टीने त्या नसल्यासारख्याच होत्या. त्यांपैकी अनेक सकळ लिपीत होत्या आणि त्या लिपीची किल्ली बाहेर कोणापाशी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांमुळे ती किल्ली उपलब्ध झाली आणि प्राचीन मराठी गद्याचे दालन खुले झाले. संहिता टिकणे आणि ती वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हे आम्ही एम.ए.च्या वर्गात दरवर्षी सांगतो. संगणकाच्या आज्ञावलींकडे मात्र या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो.

आज्ञावलीलाही संहिता असते. कंपायलर तिचे एखाद्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करतो. १९७३ साली युनिक्स प्रणाली सी भाषेत नव्याने लिहिली गेली. त्याच दशकात डेनिस रिची आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी ती पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या निराळ्या घडणीच्या यंत्रावर नेली. एक संहिता आणि अनेक यंत्रे, ही कल्पना त्यातून बळावली.

या कल्पनेची कसोटी पाहणारे उदाहरण आपल्याकडेच आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. १९९१ चा 'परम ८०००' ट्रान्सप्युटरवर उभा होता. त्यानंतरच्या 'परम ८६००' मध्ये इंटेलचा आय-८६० आला, 'परम ९०००' मध्ये स्पार्क, १९९८ च्या 'परम १००००' मध्ये अल्ट्रास्पार्क आणि २००३ च्या 'परम पद्म' मध्ये आयबीएमचा पॉवर-४. नाव एक, पण एका तपात प्रोसेसरची कुळे चार! जुनी आज्ञावली हवी असेल, तर कूळ बदलणाऱ्या प्रत्येक स्थलांतरात ती नव्याने कंपाइल करणे भाग होते.

हे काम यांत्रिक नाही. ट्रान्सप्युटर संख्येतील लहान बाइट आधी ठेवतो, तर स्पार्क मोठा. सोळा बिटांच्या युनिकोडमध्ये लिहिलेला 'वर्धा' हा शब्द बाइट उलटे धरून वाचला, तर त्याच्या पाच चिन्हांपैकी तीन चिनी लिपीतली होतात, एकाचा कंस होतो आणि 'ध' च्या जागी चक्क पाकिटाचे चित्र उमटते! म्हणून प्रोसेसर कोणता, बाइटांचा क्रम कोणता, पूर्णांक बत्तीस बिटांचा की चौसष्ट, कंपायलरची आवृत्ती कोणती, सोबत कोणती ग्रंथालये जोडली, हे पर्याय कोणीतरी नोंदवून ठेवावे लागतात. 'रीडमी', 'इन्स्टॉल', 'मेकफाइल' या नावांच्या साध्या फायली हेच काम करतात.

आम्हांला या नोंदी पोथीच्या पुष्पिकेसारख्या वाटतात. लेखनकाराने अखेरीस लिहिलेले नाव, शक आणि स्थळ एकेकाळी उपचार वाटत असेल. आज पाठचिकित्सेचा तोच आधार आहे.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागासाठी एका माजी विद्यार्थ्याने प्राचीन ग्रंथांची शब्दसूची करणारी छोटी आज्ञावली लिहून दिली. संगणक बदलला. संहिता आमच्याजवळ होती, पण ती कोणत्या पर्यायांनी सिद्ध केली होती याची एक ओळही कोणी टिपली नव्हती. विचारण्याचे आम्हांलाही सुचले नव्हते. शब्दसूची पुन्हा हाताने करावी लागली.

आज अनेक संगणकांवर एका कुळाचा प्रोसेसर असतो आणि खिशातल्या फोनमध्ये दुसऱ्या. मराठीचे कोश, सूची, टंक दिवसेंदिवस अशाच आज्ञावलींवर विसंबत आहेत. त्यांची संहिता जपणाऱ्यांनी पुष्पिकाही जपावी. नाहीतर उद्याच्या राजवाड्यांना पुन्हा किल्ली शोधत मठोमठी हिंडावे लागेल. आणि या वेळी ती सापडेलच, याची खात्री नाही.