मण्यात अडकलेली प्रार्थना : ‘बीड’ या शब्दाविषयी

कीट्सची ‘द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस’ ही कविता वर्गात शिकवताना पहिल्याच कडव्यात एक म्हातारा भेटतो. कडाक्याच्या थंडीत, बधिर झालेल्या बोटांनी तो प्रार्थनागृहात माळ ओढत बसला आहे. कवी त्याला ‘बीड्समन’ म्हणतो. आपण टिपेत ‘जपमाळ ओढणारा’ असा अर्थ लिहून घेतो आणि पुढे सरकतो, कारण पुढे प्रेमकथा वाट पाहत असते. हा अर्थ पूर्णपणे चुकीचा आहे असे नाही, पण तो उलट्या टोकाने लावलेला आहे. हाती मणी आहेत म्हणून हा मनुष्य बीड्समन झालेला नाही. खरे पाहता त्या मण्यांनाच त्याच्या कामावरून नाव मिळाले आहे.

जुन्या इंग्रजीत ‘गेबेद’ म्हणजे प्रार्थना. आजच्या जर्मन भाषेतला ‘गेबेट’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. ‘बिद्दन’ या क्रियापदाचा अर्थ मागणे, विनवणे. पुढे ‘गे’ हा उपसर्ग गळाला आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘बेदे’ उरले. त्याचाही अर्थ प्रार्थनाच होता. लाकडाच्या, हाडाच्या किंवा पोवळ्याच्या गोल तुकड्याशी या शब्दाचा मुळात काहीही संबंध नव्हता.

तो संबंध आला मोजण्यातून. ठरावीक संख्येने प्रार्थना म्हणायची तर हिशेब ठेवावा लागतो. बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी याने कॉव्हेंट्रीच्या गोडायव्हा या सरदारपत्नीची हकीकत नोंदवली आहे. प्रार्थना मोजण्यासाठी ती रत्ने ओवलेली एक माळ वापरी, आणि मृत्यूसमयी ती मेरीच्या मूर्तीच्या गळ्यात घालावी अशी तिने इच्छा सांगितली. अशा माळेवर माणूस आपल्या ‘बेदे’ मोजत असे. इंग्रजीत ‘टेल’ या क्रियापदाचा जुना अर्थ मोजणे. बँकेतल्या ‘टेलर’मध्ये तो अजून शाबूत आहे. तेव्हा ‘टेलिंग वन्स बीड्स’ म्हणजे प्रथम आपल्या प्रार्थना मोजणे. पण पाहणाऱ्याला दिसत काय होते? बोटांखालून सरकणारा मणी. चौदाव्या शतकात प्रार्थनेचे नाव त्या मण्याला चिकटले.

चॉसर नेमका या सांध्यावर उभा आहे. ‘कँटरबरी टेल्स’मधल्या मठाधिकारिणीच्या दंडावर पोवळ्याची माळ आहे, मधूनमधून हिरवे मोठे मणी आहेत आणि तिला लटकलेल्या सोन्याच्या पदकावर प्रेमाच्या विजयाचे लॅटिन वचन आहे. हे प्रेम ईश्वराचे की मानवाचे, हा प्रश्न चॉसर मोकळा ठेवतो. ‘बेदे’ हा शब्दही त्या काळी तसाच मोकळा होता. प्रार्थना आणि दागिना या दोन्ही अर्थांनी तो वाचता येई, आणि या बाईंच्या बाबतीत तो दोन्ही अर्थांनी वाचण्यातच गंमत आहे.

मण्याचा अर्थ रूढ झाल्यावरही जुना अर्थ काही काळ नांदत राहिला. रविवारच्या उपासनेत धर्मगुरू लोकांच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, सर्वांना प्रार्थनेचे आवाहन करी. या विधीला ‘बिडिंग ऑफ द बीड्स’ म्हणत. आजच्या कानाला तो मण्यांना दिलेला हुकूम वाटेल; मुळात तो ‘प्रार्थनांची प्रार्थना’ आहे. चर्चला दान देणाऱ्या मृतांची यादी म्हणजे ‘बीड-रोल’. ती गावासमोर वाचली जाई. मृतात्मा शुद्धिलोकात यातना भोगतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्या यातना कमी होतात, अशी श्रद्धा होती. म्हणून यादीत नाव असावे यासाठी लोक दान देत, मृत्युपत्रात तरतूद करीत. एमन डफी यांनी 1992च्या ‘द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स’ या ग्रंथात या याद्यांचे महत्त्व विस्ताराने दाखवले आहे. गाव म्हणजे जिवंतांबरोबर मृतांचाही समुदाय, ही जाणीव या वाचनातून जपली जाई.

‘बीड्समन’ हा याच व्यवस्थेतला माणूस. ऑक्सफर्डशरमधल्या यूएल्म येथे 1437मध्ये सफोकचा अर्ल विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी ॲलिस यांनी 13 गरीब पुरुषांसाठी आश्रयगृह काढले. ही ॲलिस चॉसरची नात. राहण्या-जेवण्याच्या मोबदल्यात त्या गरिबांनी संस्थापकांच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना करायची, असा करार होता. पंधराव्या शतकातल्या पत्रांत, पास्टन कुटुंबाच्या पत्रांतही, लिहिणारा स्वतःला समोरच्याचा ‘बीड्समन’ म्हणवतो; स्त्री असेल तर ‘बीडवुमन’. आपल्या ‘शुभचिंतक’ किंवा ‘आज्ञाधारक’सारखाच हा प्रकार, पण त्यामागे ‘मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ असे वचन होते.

सोळाव्या शतकात ही वीण उसवली. 1538च्या राजाज्ञांनी अर्थ न समजता माळ ओढत राहण्याचा निषेध केला. 1547च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करण्याकरिता दिलेली देणगीस्थाने बंद करून त्यांची मालमत्ता राजाकडे घेतली. 1571मध्ये रोमहून आलेले क्रूस, चित्रे, मणी देशात आणून वाटणे हा कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. ज्या शब्दाचा अर्थ केवळ प्रार्थना असा होता, तो आता जप्त करावयाच्या वस्तूंच्या यादीत दिसू लागला. आमच्या दृष्टीने या शब्दाच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका क्षण आहे.

याच काळात एक इंग्रज कॅथलिक तरुण देश सोडून रोमला गेला, 1575मध्ये जेझुइट झाला आणि 1579मध्ये गोव्यात उतरला. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स ते हेच. 1616मध्ये त्यांचे ओवीबद्ध काव्य छापले गेले तेव्हा इंग्लंडमध्ये माळ लपवून ठेवावी लागत होती. मराठीच्या विद्यार्थ्याला इंग्लंडमधल्या या घडामोडी अगदी परक्या मानता येणार नाहीत, त्या याच कारणाने.

प्रार्थना गेली, मणी राहिला. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द सेकंड’मध्ये राजाच्या बाजूने कोणी उरले नाही हे सांगताना, त्याचे बीड्समनसुद्धा धनुष्य वाकवायला शिकत आहेत, असे म्हटले आहे. ज्यांना राजासाठी प्रार्थना करण्याकरिताच पोसले, तेही उलटले. ‘माळकरी’ एवढाच अर्थ घेतला तर या ओळीतला विश्वासघात निसटतो. पुढे मणी गळ्यातल्या हारात गेला, घामाचा थेंब झाला, आणि त्याचे मूळ कोणाच्या ध्यानात राहिले नाही. लंडनमध्ये सेंट पॉल्सजवळची माळा बनवणाऱ्यांची गल्ली, पॅटरनॉस्टर रो, हिचेही असेच झाले. ती पुढे ग्रंथविक्रेत्यांची गल्ली म्हणून गाजली आणि डिसेंबर 1940च्या बाँबहल्ल्यात लाखो पुस्तकांसह जळाली.

मराठीत याला जवळचा शब्द आहे : ‘स्मरणी’. इथेही क्रियेचे नाव वस्तूला मिळाले. पण ‘स्मरणी’ म्हणताना ‘स्मरण’ कानावर पडतेच. ‘बीड’ने मात्र आपले मूळ पुरते गिळले. म्हणून अनुवादकाने बीड्समनला ‘माळकरी’ करू नये असे आम्हाला वाटते. ‘दुसऱ्यासाठी प्रार्थना करण्यास नेमलेला गरीब’ असे लांबलचक लिहावे लागले तरी चालेल.

कारण कीट्सच्या कवितेत शेवटी प्रेमी युगुल वादळात निघून जाते आणि तो म्हातारा आपल्या राखेत निजतो. त्याला शोधायला कोणी येत नाही. आयुष्यभर त्याने इतरांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना केली. त्याच्यासाठी प्रार्थना करणारे त्या वाड्यात कोणी नाही.