शस्त्राला पाणी पाजणे

लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ किंवा ‘पाणी पाजतो’. दिवा विझतो, निखारा विझतो. तापलेले पोलाद मात्र आपल्या भाषेत पाणी पिते. ही कल्पना किती जुनी, याविषयी आजचा धागा.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खड्गलक्षणाचा अध्याय आहे. तेथे या क्रियेचे नावच ‘शस्त्रपान’. उशनस् म्हणजे शुक्राचार्य यांच्या नावावर दिलेला विधी असा: तेजस्वी वैभव हवे असल्यास शस्त्राला रक्त पाजावे, गुणी पुत्रासाठी तूप, अक्षय धनासाठी पाणी. पापमार्गाने कार्य साधायचे असेल, तर घोडी, उंटीण किंवा हत्तिणीचे दूध! (हत्तिणीची धार कोणी काढायची, याबाबत ग्रंथ मौन पाळतो.)

त्याच अध्यायात पुढे केळीच्या क्षारात ताक मिसळून, ते मिश्रण एक दिवस ठेवून त्यात शस्त्र बुडवण्याची कृती येते. असे शस्त्र दगडावर तुटत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथटत नाही, असा दावा आहे.

ही एकच कृती उचलून ‘प्राचीन धातुविज्ञान’ म्हणून मिरवणे सोपे आहे. तिला काही आधारही आहे. लालबुंद पोलाद पाण्यात शिरताच त्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. पाण्यात क्षार असल्यास ते आवरण लवकर फुटते. परंतु पुत्रप्राप्तीचे तूपही त्याच पानावर आहे. दोन्ही एकत्र वाचले तरच ग्रंथ समजतो: लोहाराचा अनुभव आणि राजाची शकुनचिंता ग्रंथकाराला वेगळ्या खात्यांत मांडावीशी वाटली नव्हती.

पोलाद प्रत्यक्षात काहीच पीत नाही. उष्णतेने लोहात विरघळलेल्या कार्बनला, अचानक थंडावल्यामुळे, बाहेर पडायला अवसर मिळत नाही. तो अडकतो आणि पोलाद कठीण होते. या कठीण रचनेला १८९५ मध्ये फ्लोरिस ऑस्माँ यांनी जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हटले.

मात्र असे पोलाद ठिसूळही असते. म्हणून जाणता लोहार पात्याची फक्त धार बुडवतो आणि बाहेर काढून थांबतो. पाठीतली उष्णता धारेकडे सरकते, घासून उजळलेल्या कडेवर गवती पिवळा रंग चढू लागतो. तो निळा होण्याआधी पाते पुन्हा पाण्यात जाते.