उशिरा आलेली माफी

चित्रपटातला खलनायक आपल्याला आवडतो, कारण त्याला शिव्या घालून मोकळे होता येते. पण नायकच किळस यावी असा असला, आणि वर त्याची कणवही यावी अशी दिग्दर्शकाने तजवीज करून ठेवली असली, तर प्रेक्षकाने काय करायचे? १९६० साली लंडनमध्ये हा प्रश्न उभा राहिला आणि त्यात एका मोठ्या दिग्दर्शकाची कारकीर्द बुडाली. दिग्दर्शक मायकेल पॉवेल, चित्रपट 'पीपिंग टॉम'.

पॉवेल काही नवखे नव्हते. एमेरिक प्रेसबर्गर यांच्या जोडीने त्यांनी 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) आणि 'द रेड शूज' (१९४८) हे चित्रपट केले होते. 'पीपिंग टॉम'चा नायक मार्क लुईस हा स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा तरुण. ट्रायपॉडच्या पायात दडवलेल्या पात्याने तो स्त्रियांचे खून करतो आणि मरणारीच्या चेहऱ्यावरची भीती चित्रित करतो. तिला स्वतःची भीती दिसावी म्हणून समोर आरसाही धरतो. लहानपणी वडिलांनी शास्त्राच्या नावाखाली त्याच्यावर भीतीचे प्रयोग केलेले असतात. त्या वडिलांच्या भूमिकेत खुद्द पॉवेल आहेत, तर लहान मार्क झाला आहे त्यांचाच मुलगा.

मी हा चित्रपट पुष्कळ उशिरा, एका स्नेह्याकडे व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. रक्त फारसे दिसतच नाही. अस्वस्थ करते ते वेगळेच. पहिला खून आपण मार्कच्या कॅमेऱ्यातून पाहतो. म्हणजे बळीकडे चालत जाणारे आपणच असतो. कार्ल बोमचा मार्क मृदू बोलणारा, लाजरा, देखणा आहे. त्याच्यातला अंधार प्रथम ओळखते ती घरातली एक आंधळी बाई. डोळस माणसे नुसती पाहत राहतात.

एप्रिल १९६० मध्ये चित्रपट लागला आणि समीक्षक तुटून पडले. 'ट्रिब्यून'च्या समीक्षकाने तर तो गटारात वाहून टाकावा अशा अर्थाचे लिहिले. वितरकांनी धीर सोडून चित्रपट लवकरच काढून घेतला. सामान्य प्रेक्षकाला काय वाटले असते, हे कळायला अवसरच मिळाला नाही.

त्याच वर्षी हिचकॉकचा 'सायको' आला. तोही एका विकृत खुन्याचाच. पण हिचकॉकने समीक्षकांना आगाऊ खेळ दाखवलाच नाही. त्यांनाही तिकीटबारीवरच्या गर्दीत बसून पाहावे लागले. कित्येकांनी नाके मुरडली, पण तोवर चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या होत्या. शिवाय 'सायको'त खुनी कोण हे अखेरपर्यंत झाकलेले असते, त्यामुळे प्रेक्षकाची सदसद्विवेकबुद्धी शाबूत राहते. पॉवेलने ही पळवाट ठेवली नाही. पडद्याकडे टक लावून बसणे हाच ज्यांचा धंदा, त्या समीक्षकांना तो आरसा अधिक झोंबला असावा, असे मला वाटते.

इथे आपल्याकडचे 'सखाराम बाइंडर' आठवते. १९७२ साली तेंडुलकरांच्या त्या नाटकावर सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. नाटक पाहिलेल्यांनी ते पाहून शिव्या दिल्या, पाहून वाखाणले. सखारामचा तिटकारा येण्याचा हक्क प्रेक्षकाला जरूर आहे. पण तो बजावण्यासाठी सखाराम आधी डोळ्यांसमोर यावा लागतो. पॉवेलच्या मार्कला ते भाग्य लाभले नाही.

पुढे पॉवेलना मायदेशी काम मिळणे दुरापास्त झाले. १९६६ आणि १९६९ सालचे त्यांचे चित्रपट ऑस्ट्रेलियात झाले. अखेर मार्टिन स्कॉर्सेसीने पुढाकार घेतला आणि १९७९ साली न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात 'पीपिंग टॉम' पुन्हा झळकला. नव्या पिढीने तो डोक्यावर घेतला. १९९० साली पॉवेल वारले.

१९६० साली झोडपणाऱ्यांत 'संडे टाइम्स'च्या डिलिस पॉवेलही होत्या. आडनाव एकच, नाते काही नाही. १९९४ साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी त्याच पत्रात लिहिले की हा चित्रपट श्रेष्ठ कलाकृती आहे, आणि मेल्यावर बोलण्याची मुभा असलीच तर मायकेल पॉवेलना गाठून माफी मागणे मी माझे कर्तव्य समजेन. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या.