मातापित्यांस द्यावयाची भांडी व सुरी : थोडा इतिहास, थोडा विचार

आपल्या समाजात भांडी देण्याची रीत फार जुनी आहे. परंतु तिचा ओघ बहुधा एकाच दिशेने वाहत आला आहे. कन्येच्या विवाहात मायबाप रुखवत मांडतात, हंडा-कळशीपासून पळी-झाऱ्यापर्यंत सर्व काही आंदण देतात आणि अधिक मासात जावयाकडे ३३ अनारशांचे वाण पोचते करतात. उलट दिशेने, म्हणजे कर्त्या पुत्राने किंवा सासरी नांदणाऱ्या लेकीने वृद्ध मातापित्यांच्या स्वयंपाकघरासाठी भांडे घेऊन जाण्याचा प्रघात मात्र अलीकडचा होय. आता नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस व हैदराबादेस गेलेली मुले धनत्रयोदशीस, वडिलांच्या साठीस अथवा सहस्रचंद्रदर्शनास येताना नवी भांडी, नव्या सुऱ्या आणतात. हेतू स्तुत्यच आहे. तथापि ही भांडी पुष्कळ घरी माळ्यावर किंवा पेटीत पडून राहतात, हेही आपण सर्व जण पाहतो. याचे कारण शोधू गेल्यास इतिहासाकडे वळावे लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

भांडे पारखण्याची महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्या जिल्ह्याशीच निगडित आहे. नरसी हे नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून आपण मानतो. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी हाती थापटणे घेतले व प्रत्येक संताच्या मस्तकावर हलकेच मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, याची परीक्षा केली. नामदेव रुसले, कच्चे ठरले आणि अखेर औंढा नागनाथास विसोबा खेचरांच्या चरणी जाऊन गुरुकृपेस पात्र झाले, असे परंपरा सांगते. कथेतील अध्यात्म थोर आहेच. पण त्यातून व्यवहारही कळतो. भांडे रूपावरून घेऊ नये, वाजवून घ्यावे, हा नियम आपल्या आजीबाईंच्या तोंडी आजही आहे.

मातीनंतर धातू आला. महाराष्ट्रात तांब्याचे काम किती प्राचीन आहे, याची साक्ष नगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा व रेडा या वस्तूंनी दिली. त्या चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक आहे. पुढे तांब्यात जस्त मिसळून पितळ व कथील मिसळून कासे करण्याची विद्या घरोघरच्या उपयोगास आली. पाणी साठविण्यास तांब्याचा हंडा, स्नानास घंगाळ, रांधण्यास पितळेचे भगुणे व पातेले, जेवण्यास काशाचे ताट आणि भाकरीस लोखंडी तवा, अशी वाटणी आपल्या घरांत ठरून गेली होती. ही वाटणी केवळ हौसेची नव्हती. बिनकल्हईच्या पितळेत ताक वा चिंचेचे वरण ठेवले की ते कळकते, म्हणून रांधण्याच्या पितळी भांड्यास आतून कल्हई लागे. भाता फुंकून भांडे तापवावयाचे, नवसागराची पूड टाकावयाची व कापसाच्या बोळ्याने कथील फिरवावयाचे, हे काम गल्लीत चालू झाले की मुलांची शाळा तेथेच भरे! कथील २३२ अंश उष्णतेस वितळते. म्हणूनच रिकामे पातेले चुलीवर राहू देऊ नये, अशी जुन्या गृहिणींची ताकीद असे.

या भांड्यांचा आणखी एक इतिहास आहे व तो त्यांच्या काठावर कोरलेला आहे. पूर्वी भांडे घेतले की ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेत. कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी व कोणत्या मितीस दिले, एवढे सर्व त्या दोन ओळींत येई. आपल्या पूर्वजांनी वंशावळी लिहून ठेवल्या नाहीत, अशी खंत पुष्कळ जण व्यक्त करतात. त्यांनी एकवार आपल्या मातोश्रींच्या घागरी उजेडात धराव्यात. ज्या मातामहीचे नाव कोणत्याही दप्तरात सापडत नाही, ते तेथे सापडेल.

शिवाय ही भांडी म्हणजे स्त्रीची ठेव होती. आईने, बापाने, भावाने प्रेमाने दिलेले ते स्त्रीधन, असे धर्मशास्त्राने मानले आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीच्या मालमत्तेवरील तिचे पूर्ण स्वामित्व अधिकच स्पष्ट केले. निजामाच्या राजवटीत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी, आपल्या खेड्यांतील स्त्रीला बँक कोठून ठाऊक असणार? तिची बँक उतरंडीवर व फडताळात होती. पीक बुडाले की आधी हंडा गहाण पडे, मग परात. १९७२-७३ च्या दुष्काळातही मराठवाड्यात अनेक घरांतील तांबे-पितळ याच वाटेने गेले. जे टिकले ते मातेने अर्धपोटी राहून राखलेले आहे. नवे चकचकीत पातेले आणून ही जुनी भांडी तिला न विचारता मोडीत घालणे, यासारखा दुसरा अविचार नाही. नवे भांडे घेताना जुन्याची मोड देण्याचा सल्ला दुकानदार देईल. पण तो अधिकार पुत्राचा नव्हे, मातेचा आहे.

नव्या धातूंचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या भांड्यांचे काम सुरू केले. हलकी व स्वस्त, म्हणून ही भांडी सर्वत्र पसरली. मात्र आंबट पदार्थ त्यांत ठेवू नयेत. न गंजणाऱ्या पोलादाचा शोध १९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळीसाठी धातू शोधताना लावला. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम होते. प्रथम त्याच्या सुऱ्या झाल्या, भांडी पुढे आली. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले पोलाद स्वयंपाकास उत्तम ठरले. न कल्हई, न चिंच, न राख! वाफेच्या बंद भांड्याची कल्पना डेनिस पापँ यांची, १६७९ सालची. आपल्याकडे प्रेशर कुकर देशातच बनू लागला तो १९५९ पासून. आतील दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते व तुरीची डाळ लवकर शिजते. न चिकटणारा तवा तर आपल्या मराठवाड्याचाच. १९६८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबाने ‘निर्लेप’चा कारखाना काढला.

आता विळीविषयी. विळी ही बैठ्या स्वयंपाकाची सखी होय. पाट पायाखाली दाबावयाचा, पाते स्थिर ठेवावयाचे व भाजी दोन्ही हातांनी पात्यावर न्यावयाची. यात मनगटास श्रम कमी, पण गुडघ्यास फार. चूल जाऊन ओटा आला व स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, तेव्हा सुरीस मान मिळाला. सुरीत हात स्थिर पात्याकडे जात नाही, पातेच हातात फिरते. म्हणून वयोवृद्ध हातास मूठ जाड, न निसटणारी व पाते आटोपशीर असावे. बोथट सुरीस जोर लागतो व ती घसरून बोट कापते. धारदार सुरी त्या मानाने निर्धोक. तेव्हा सुरीसोबत धार लावावयाचा दगडही द्यावा. धारदार वस्तू भेट दिल्याने नाते तुटते, असा समज आपल्याकडे आहे, तसाच तो युरोपातही आहे. तेथे घेणारा एक नाणे देऊन भेटीस खरेदीचे रूप देतो. आपल्या मातेचे मन शंकित होत असेल, तर तिच्याकडून एक रुपया मागून घ्यावा. वाद घालण्यापेक्षा हे सोपे आहे.

आता भेट निवडताना काय पाहावे? प्रथम वजन. १० लिटर पाण्याचे वजनच १० किलो; त्यात हंड्याचे निराळे. वार्धक्यात मोठे भांडे हे ओझे होते. घरी दोनच माणसे उरली असतील, तर १२ माणसांचे पातेले नको. दुसरे, बूड. स्टेनलेस पोलादापेक्षा तांबे २० पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहते. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध करपते. जाड किंवा तीन थरांचे बूड घ्यावे. तिसरे, शेगडी. विजेच्या इंडक्शन शेगडीवर केवळ तांब्या-पितळेचे भांडे तापत नाही. बुडास लोहचुंबक चिकटतो की नाही, ते पाहावे. चौथे, कान व मूठ दोन्ही हातांनी नीट धरता यावेत. पाचवे, कुकरवर भारतीय मानक २३४७ चे चिन्ह असावे. २०२० च्या शासकीय आदेशाने ते आवश्यक केले आहे. सहावे, लेप दिलेला तवा रिकामा तापवू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत १७० अंशांवरील उष्णतेचा धोका सांगितला आहे. भाकरीस तर लोखंडी तव्यासारखा दुसरा तवा नाही.

परंतु या सर्वांच्या आधीचा नियम निराळाच आहे. मातेस विचारावे. किंबहुना तिलाच दुकानात न्यावे. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात असो वा वसमत, कळमनुरीच्या पेठेत असो, ती भांडे उचलून पाहील, टिचकी मारून वाजवील, झाकण फिरवून पाहील आणि तिला हवे तेच घेईल. ती निवडील ते कदाचित स्वस्त असेल व मुलास देण्याघेण्याचा भपका वाटणार नाही. पण ते वापरले जाईल. वडिलांचाही विसर नको. अनेक घरी सहचारिणीच्या पश्चात वडीलच स्वतःचा चहा व खिचडी करतात. त्यांस हलके पातेले, छोटा कुकर व चांगली सुरी यांचा मोठाच आधार होईल.

१ मे १९९९ रोजी आपला जिल्हा परभणीपासून निराळा झाला. पण आपल्या चुलीचा वारसा शतकांचा आहे. नव्या पिढीने नवे भांडे अवश्य द्यावे आणि त्यावर जुन्या रीतीने नाव घालावे : देणाऱ्याचे, घेणाऱ्या मातेचे व तिथीसह सालाचे. पुढे केव्हा तरी एखादी पणती ते भांडे उजेडात धरील, तेव्हा तिला आपल्या पणजीचे नाव वाचता येईल.