सलीम अलींची नोकरी आणि गोवंडीचा प्रश्न

गोवंडीत बारावी सायन्स झालेल्या मुलीने घरी सांगितलं की मला वाइल्डलाइफमध्ये करिअर करायचंय, तर पहिला प्रश्न ठरलेला: ‘आणि नोकरी कुठे लागणार?’ ज्या घरात पगार पंचवीस तारखेच्या आत संपतो, तिथे हा प्रश्न विचारायलाच हवा. याच मुंबईत शंभर वर्षांपूर्वी तो सलीम अलींसमोरही उभा होता.

आपल्याकडे वन्यजीवांचा अभ्यास सुरू झाला तो छंद म्हणून. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ (बीएनएचएस) स्थापन केली. त्यांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघांचं पोट डॉक्टरकीवर होतं. सरकारने १८७८मध्ये डेहराडूनला वनशिक्षणाची शाळा काढली होती, पण तिचा जीव लाकडात होता. जंगल म्हणजे साग, साल आणि रेल्वेचे स्लीपर. वाघ, बिबटे हा शिकारीचा विषय.

सलीम अली या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडले. ब्रह्मदेशातल्या घरच्या धंद्यात मन रमलं नाही. मुंबईत येऊन त्यांनी हिशेबाचा कोर्स केला, जोडीला सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी घेतली नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीतज्ज्ञाची जागा होती, ती याच कारणाने हुकली. १९२६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकायला गेले. १९३०मध्ये परत आले, तर पैसे नाहीत म्हणून पदच रद्द झालेलं. शिकून आले आणि बेकार झाले.

यापुढचं आपण नेहमी कौतुकाने सांगतो. ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले, तिथे सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला आणि त्यातून नाव झालं. मग संस्थानांमध्ये पक्ष्यांच्या पाहण्या, १९४१मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’. पुढे पदवी नसलेल्या याच माणसाला मुंबई विद्यापीठाने एमएस्सी-पीएचडीचा मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. या गोष्टीतलं एक वाक्य मात्र आपण घाईत सोडून देतो: किहीमला कुटुंबाचं घर होतं. पगार बंद झाल्यावर डोक्यावर छप्पर होतं. त्यांची जिद्द खरीच, पण जिद्दीला थांबायला जागा मिळाली. गोवंडीत भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं किहीम कुठे आहे?

स्वातंत्र्यानंतर गरज वाढली. १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३मध्ये व्याघ्रप्रकल्प. पण हे काम शास्त्र म्हणून शिकवणारी भारतीय वन्यजीव संस्था डेहराडूनला उभी राहिली १९८२मध्ये आणि तिथली एमएस्सी सुरू झाली १९८८मध्ये. म्हणजे कायद्यानंतर सोळा वर्षांनी. मधली वर्षं निभावली ती मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यांनी. सोलापूरचा हा माणूस कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकून नोकरीला लागला आणि उरलेलं जंगल आदिवासींकडून शिकला. त्यांना छंद आणि पगार एकाच जागी मिळाले, कारण नोकरी आधी आली होती.

ही फट अजून पूर्ण बुजलेली नाही. भारतीय वनसेवेची परीक्षा द्यायला वन्यजीवशास्त्राची पदवी लागत नाही. माझी इंजिनिअरिंगची डिग्री तिथे चालते. उलट वन्यजीवशास्त्रात एमएस्सी केलेल्यांच्या वाट्याला बरेचदा ठरावीक मुदतीचा प्रोजेक्ट येतो. निधी संपला की काम संपलं. १९३०ची म्युझियममधली गोष्ट आज करारपत्रावर सही घेऊन घडते.

आता गोवंडीकडे वळू. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७पासूनचं. त्याच्या पलीकडे खारफुटी, चिखल आणि हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हजारो फ्लेमिंगो. २०१५मध्ये ठाणे खाडीचा हा पट्टा अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर स्थळ. त्याच वर्षी बीएनएचएसच्या संशोधकांनी इथल्या काही फ्लेमिंगोंना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रं बसवली. मे २०२४मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले. अशा वेळी कळतं की या कामात किती हात लागतात: मृत पक्षी गोळा करणारे वनकर्मचारी, शवविच्छेदन करणारे पशुवैद्य, उडण्याचे मार्ग अभ्यासणारे संशोधक. यंत्रांतून येणारे आकडे लावून बघणाराही त्यात आला. ते आमच्या धंद्याचं काम.

म्हणून घरच्या प्रश्नाला इतिहासाचं उत्तर असं: आधी पगाराची वाट, मग पदवी. बारावीवर वनरक्षकाची भरती असते. दापोली आणि अकोल्याला वनशास्त्राची पदवी मिळते आणि तिच्यावर एमपीएससीची वनसेवा परीक्षा देता येते. पशुवैद्यक झालात तर गावात, शहरात, जंगलात कुठेही काम आहे. डेहराडून किंवा बंगळुरूच्या एनसीबीएसमधली एमएस्सी उत्तम, पण जागा मोजक्या आणि नंतरची दोन-तीन वर्षं अनिश्चित. ती काढायची तयारी असेल तर जरूर जा. नसेल तर शनिवार-रविवार खाडीवर दुर्बीण घेऊन पक्षी मोजता येतात आणि त्या नोंदीही अभ्यासातच जमा होतात.

सलीम अलींना नोकरी मिळाली नाही, तरी ते टिकले. ज्यांना परवडलं नाही म्हणून त्यांनी दुसरं काम धरलं, त्यांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. खाडी गोवंडीच्या दारात आहे. तिची राखण शिकणारी मुलं गोवंडीतूनच यावीत असं वाटत असेल, तर त्यांच्या पहिल्या पाच वर्षांच्या पगाराची सोय आधी झाली पाहिजे.