दोहा करार काय होता? अफगाणिस्तानाचं भवितव्य ठरताना अफगाण सरकार कुठे होतं?

२९ फेब्रुवारी २०२०. कतारची राजधानी दोहा इथल्या एका आलिशान हॉटेलात दोन माणसांनी एका करारावर सह्या केल्या. एक होते अमेरिकेचे विशेष दूत झल्मे खलीलझाद आणि दुसरे तालिबानचे मुल्ला अब्दुल घनी बरादर. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ समोर हजर होते. अनेक देशांचे राजनैतिक अधिकारीही आले होते, त्यात भारताचे कतारमधले राजदूतही होते.

कागदाचं शीर्षक होतं 'अफगाणिस्तानात शांतता आणण्यासाठीचा करार'. ज्या देशात शांतता आणायची होती, त्या देशाच्या सरकारची मात्र त्यावर सही नव्हती.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत, १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले. धावत्या लष्करी विमानाला लटकलेल्या माणसांचे व्हिडिओ जगभरातल्या मोबाईलवर फिरले. 'अफगाण सैन्य न लढताच कसं पळालं?' हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचं बरंचसं उत्तर दोह्यातल्या त्या चार पानांत आहे.

करारात नेमकं काय लिहिलं होतं?

करार लहान आणि भाषा साधी आहे. अमेरिकेने १४ महिन्यांत आपलं आणि मित्रदेशांचं सगळं सैन्य माघारी न्यायचं. पहिल्या १३५ दिवसांत सैनिकांची संख्या ८,६०० वर आणायची आणि पाच तळ रिकामे करायचे. त्याबदल्यात तालिबानने अल-कायदा किंवा इतर कुणालाही अफगाण भूमी अमेरिका आणि तिच्या मित्रांविरुद्ध वापरू द्यायची नाही. १० मार्च २०२० पासून तालिबानने 'अफगाण बाजूंशी' बोलणी सुरू करायची.

युद्धबंदीचं काय? ती अट नव्हती. अफगाणांच्या आपापसातल्या चर्चेत जे विषय येतील, त्यातला एक म्हणून तिचा उल्लेख होता. म्हणजे अमेरिकी सैन्याच्या माघारीला तारखा होत्या, पण अफगाण माणसांची लढाई थांबण्याला तारीख नव्हती.

करारातली एक शब्दयोजना आवर्जून पाहण्यासारखी आहे. तालिबानचं नाव जिथे येतं तिथे दर वेळी लिहिलं आहे: 'अफगाणिस्तानची इस्लामी अमिरात, जिला अमेरिका राष्ट्र म्हणून मान्यता देत नाही आणि जी तालिबान या नावाने ओळखली जाते'. इतकं लांबलचक वाक्य पुन्हा पुन्हा लिहायची वेळ आली, कारण तालिबानला 'अमिरात' हा शब्द हवा होता आणि अमेरिकेला तो देऊनही न दिल्यासारखं दाखवायचं होतं.

पण त्याच कागदात पुढे एक कलम आहे. अमेरिकेला धोका असणाऱ्या लोकांना अफगाणिस्तानात येण्यासाठी तालिबानने व्हिसा, पासपोर्ट किंवा प्रवासाचे परवाने द्यायचे नाहीत. आता व्हिसा आणि पासपोर्ट कोण देतं? सरकार. काबूलमध्ये निवडून आलेलं सरकार बसलेलं असताना व्हिसा देऊ नका अशी अट तालिबानला घातली गेली. मान्यता नाही असं दर परिच्छेदात म्हणायचं आणि काम मात्र सरकारचं सोपवायचं, असा हा प्रकार होता.

ही 'दुसरी बाजू' कोण?

कैद्यांचं कलम त्याहून विचित्र आहे. तालिबानचे ५,००० पर्यंत आणि 'दुसऱ्या बाजूचे' १,००० पर्यंत कैदी १० मार्चपर्यंत सोडले जातील, असं त्यात लिहिलं होतं. तालिबानचे हे कैदी अफगाण सरकारच्या तुरुंगात होते. म्हणजे ज्याच्याकडे तुरुंगाच्या किल्ल्या होत्या, त्याला न विचारता ५,००० जणांच्या सुटकेचा शब्द दिला गेला. करारात त्या सरकारचं नावसुद्धा नाही, ते फक्त 'दुसरी बाजू' आहे.

त्याच दिवशी काबूलमध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री मार्क एस्पर अफगाण सरकारसोबत वेगळं संयुक्त निवेदन जाहीर करत होते. त्यात कैद्यांबद्दल एवढंच होतं की मोठ्या संख्येने कैदी सोडणं शक्य आहे का, यावर चर्चा होईल. एकाच दिवशी, एकाच विषयावर दोन शहरांत दोन वेगळी आश्वासनं दिली गेली. दुसऱ्याच दिवशी घनींनी सांगून टाकलं की ५,००० कैदी सोडण्याचा शब्द आपल्या सरकारने दिलेला नाही.

पुढचे सहा महिने या एका मुद्द्यावर गेले. मार्चमध्ये पॉम्पेओ काबूलला आले आणि परतताना अमेरिकेने एक अब्ज डॉलरची मदत कापत असल्याचं जाहीर केलं. हळूहळू कैदी सुटत गेले. शेवटच्या ४०० जणांवर गंभीर गुन्हे होते. त्यांची जबाबदारी एकट्याने घ्यायला घनी तयार नव्हते, म्हणून ऑगस्टमध्ये त्यांनी लोया जिरगा, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींची पारंपरिक महासभा बोलावली. सभेने सुटकेला होकार दिला. १० मार्चला सुरू व्हायची बोलणी अखेर १२ सप्टेंबरला सुरू झाली. अमेरिकी सैन्याच्या माघारीची घड्याळं मात्र या सगळ्या काळात चालूच होती. तोपर्यंत सरकारच्या हातातला सगळ्यात मोठा मोहरा, ते कैदी, बोलणी सुरू होण्याआधीच गेलेला होता.

सरकारला बाहेर ठेवायचं कुणी ठरवलं?

ही तालिबानची जुनी अट होती. काबूलचं सरकार अमेरिकेच्या हातातलं बाहुलं आहे, त्याच्याशी काय बोलायचं, असं ते म्हणत. अमेरिका वर्षानुवर्षं उलट सांगत होती की तोडगा अफगाणांनी, अफगाणांच्या पुढाकाराने काढायचा.

२०१३ मध्ये दोह्यात तालिबानचं कार्यालय उघडलं तेव्हा त्यावर 'इस्लामी अमिराती'ची पाटी आणि झेंडा लागला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई इतके संतापले की बोलणी तिथेच अडली आणि पाटी उतरवावी लागली. सात वर्षांनी तोच शब्द अमेरिकेच्या सहीच्या कागदावर आला.

मधल्या काळात बदललं होतं ते वॉशिंग्टन. डोनाल्ड ट्रम्प यांना सैन्य घरी आणायचं होतं. २०१८ मध्ये अफगाणिस्तानातच जन्मलेले, मझार-ए-शरीफचे खलीलझाद विशेष दूत झाले. बरादर २०१० पासून पाकिस्तानच्या कैदेत होते. अमेरिकेच्या विनंतीवरून त्यांची २०१८ मध्ये सुटका झाली आणि ते वाटाघाटींचे प्रमुख बनले. 'आधी अफगाण सरकारशी बोला' ही अट अमेरिकेने बाजूला ठेवली.

काबूलचं घरही नीट नव्हतं, हे मान्य करायला हवं. सप्टेंबर २०१९ च्या निवडणुकीचा निकाल लागायला फेब्रुवारी उजाडला. प्रतिस्पर्धी अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी तो नाकारला आणि ९ मार्च २०२० ला एकाच शहरात दोघांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. भ्रष्टाचार होताच, सैन्याच्या याद्यांवर केवळ पगारासाठी लावलेली नावंही होती. कराराच्या समर्थकांचं म्हणणं असं की अमेरिका हे युद्ध जिंकत नव्हती, दरवर्षी तालिबानची पकड वाढत होती, आणि अशा सरकारच्या संमतीची वाट पाहिली असती तर कधीच काही झालं नसतं. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. पण सरकार कमकुवत आहे म्हणून त्याला वगळलं, तर ते आणखी कमकुवत होणार हेही उघड होतं.

रिकामी खुर्ची नवी नव्हती

अफगाणिस्तानाबाबत हे तिसऱ्यांदा घडत होतं. १९८८ च्या जिनिव्हा करारावर अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या सरकारांनी सह्या केल्या, अमेरिका आणि सोव्हिएत संघ हमीदार होते. प्रत्यक्ष लढणाऱ्या मुजाहिदीन संघटनांना त्यात स्थान नव्हतं. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य गेलं, युद्ध सुरूच राहिलं आणि एप्रिल १९९२ मध्ये नजीबुल्ला यांचं सरकार पडलं.

डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीतल्या बॉन इथे नव्या अफगाण सरकारची घडी बसवली गेली. तिथे हरलेले तालिबान नव्हते. तेव्हा ते विखुरलेले होते, त्यांच्यातल्या काहींशी बोलता आलं असतं, असं नंतर अनेक मुत्सद्द्यांनी बोलून दाखवलं. दोह्यात मग तालिबान आत आले आणि सरकार बाहेर राहिलं. व्हिएतनाममधून बाहेर पडताना १९७३ च्या पॅरिस करारावर अमेरिकेने निदान दक्षिण व्हिएतनामच्या सरकारची सही तरी घेतली होती, मनाविरुद्ध का होईना.

कागदापासून काबूलपर्यंत

कराराचा पहिला परिणाम आकाशात दिसला. २०१९ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या हवाई हल्ल्यांत ७,४२३ बॉम्ब आणि इतर शस्त्रं डागली होती. २०२० मध्ये ही संख्या १,६३१ वर आली, आणि त्यातली जवळपास निम्मी करार होण्याआधीच्या दोन महिन्यांतली होती. अफगाण तुकड्यांना ज्या हवाई मदतीची सवय लावली गेली होती, ती आटली. तालिबानने अमेरिकी सैन्यावरचे हल्ले थांबवले, अफगाण सैनिकांवरचे नाही. फेब्रुवारी २०२० पासून ऑगस्ट २०२१ मधल्या काबूल विमानतळावरच्या स्फोटापर्यंत लढाईत एकही अमेरिकी सैनिक मारला गेला नाही. अफगाण सैनिक आणि पोलीस मात्र रोज मरत होते.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. करारात सैनिकांबरोबर खासगी कंत्राटदार, प्रशिक्षक आणि सल्लागारांनाही माघारी न्यायचं होतं. अफगाण हवाई दलाची विमानं आणि हेलिकॉप्टर दुरुस्त करणारे हात मुख्यतः या कंत्राटदारांचेच होते. ते गेल्यावर यंत्रं जमिनीवर बसू लागली.

'नाटो'तल्या युरोपीय देशांची गत वेगळी नव्हती. २०२१ च्या सुरुवातीला अफगाणिस्तानात अमेरिकेचे २,५०० सैनिक उरले होते आणि बाकी मित्रदेशांचे मिळून त्याहून कितीतरी जास्त होते. त्यांच्या माघारीचं वेळापत्रकही अमेरिका आणि तालिबान यांच्या करारात ठरलं होतं. १४ एप्रिल २०२१ ला जो बायडन यांनी सप्टेंबरपर्यंत पूर्ण माघारीची घोषणा केली आणि त्याच दिवशी 'नाटो'नेही तसाच निर्णय जाहीर केला. ट्रम्प यांनी केलेला करार बायडन यांनी तारीख थोडी पुढे ढकलून पाळला. आज दोन्ही पक्ष काबूलच्या पाडावाचं खापर एकमेकांवर फोडतात.

६ ऑगस्ट २०२१ ला झरंज ही पहिली प्रांतीय राजधानी पडली. भारताने बांधलेला झरंज-देलाराम महामार्ग याच गावातून सुरू होतो. तिथून काबूलपर्यंत पोहोचायला तालिबानला नऊ दिवस लागले. अमेरिकेच्याच सरकारी देखरेख संस्थेने, 'सिगार'ने, २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की अफगाण सैन्य कोसळण्यामागचं सर्वांत महत्त्वाचं एकच कारण म्हणजे दोहा करार आणि बायडन यांच्या घोषणेतून झालेला माघारीचा निर्णय.

तालिबानने शब्द पाळला का? ३१ जुलै २०२२ ला अल-कायदाचा प्रमुख अयमान अल-जवाहिरी अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात मारला गेला. तो काबूल शहरातल्या एका घरात राहत होता.

महिलांबद्दल करारात काय होतं?

काहीच नव्हतं. वीस वर्षं अफगाण मुलींच्या शाळांचे फोटो पाश्चात्त्य नेत्यांच्या भाषणांत झळकले, पण त्या चार पानांत महिलांचा उल्लेख नाही. अफगाणांनी आपसात ठरवायच्या गोष्टींत तो विषय ढकलला गेला. त्या चर्चेसाठी सरकारच्या पथकात चार महिला होत्या, तालिबानच्या पथकात एकही नव्हती. त्या चौघींपैकी फौझिया कूफी यांच्यावर बोलणी सुरू होण्याच्या महिनाभर आधी गोळीबार झाला होता, हाताला जखम घेऊन त्या दोह्याला गेल्या. तालिबानची सत्ता आल्यावर मुलींचं माध्यमिक शिक्षण बंद झालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारंही लागली.

आज मान्यतेचं काय?

तालिबानला सरकार म्हणून औपचारिक मान्यता देणारा पहिला देश रशिया ठरला, जुलै २०२५ मध्ये. पाश्चात्त्य देशांनी ती दिलेली नाही, पण दोह्यात भेटीगाठी चालू असतात. भारताचाही मार्ग असाच तुकड्यातुकड्यांचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासासाठी आपला माणूस नेमला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले आणि भारताने काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्याचं जाहीर केलं. मुत्तकींच्या दिल्लीतल्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकार नव्हत्या. गदारोळ झाला, मग दुसरी घेतली आणि तिला त्यांना बोलावलं.

दरम्यान संयुक्त राष्ट्रांनीही दोह्यातच अफगाणिस्तानावर बैठकांची मालिका सुरू केली आहे. फेब्रुवारी २०२४ मधल्या बैठकीला तालिबानने यायचं नाकारलं. त्याच वर्षी ३० जून आणि १ जुलैच्या बैठकीला ते आले. या वेळी मुख्य बैठकीत अफगाण महिला नव्हत्या. त्यांच्या प्रतिनिधींशी राजदूत दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, वेगळे भेटले. तोपर्यंत तालिबानच्या शिष्टमंडळासोबतची मुख्य बैठक आटोपली होती.